खिशातला घडीचा चाकू, गोव्यात रोज वापरायला कुठला घ्यायचा? सगळे विचारतात ते प्रश्न

फोंड्याच्या बाजूला आमचं छोटंसं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, आहे आणि पोटापाण्यासाठी मी इलेक्ट्रिक फिटिंगची कामं घेतो, म्हणजे दिवसभर काही ना काही कापणं चालूच असतं. खिशातून चाकू निघाला की समोरचा विचारणारच, बघू जरा, केवढ्याला घेतला, पोलीस धरत नाहीत काय. तीच तीच उत्तरं देऊन कंटाळलो, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतोय.

मुळात खिशात चाकू हवाच कशाला? घरात सुरी आहे की.

आहे ना, सुरी आहे, आदोळी (विळी) आहे, कोयताही आहे. पण आदोळी घेऊन कामावर जाता येत नाही. मे महिन्यातला एक साधा दिवस सांगतो: सकाळी वायरच्या बंडलाची पट्टी कापली, मग कुरियरचा खोका, दुपारी कुणीतरी मानकुराद आंबे आणले ते कापून सगळ्यांना वाटले, संध्याकाळी कुळागरात पाइपला बांधलेली सुतळी कुजली होती ती काढली. एकूण काम दोन-तीन मिनिटांचं, पण प्रत्येक वेळी दातांनी नाहीतर स्कूटरच्या चावीने झटापट करावी लागली असती. आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वरची फळापानांची सजावट, बांधताना तर विचारूच नका, एक जण स्टुलावर, खाली चार जण फळं आणि रानातल्या फांद्या हातात घेऊन उभे, आणि वरून सारखी हाक, "अरे सुरी खंय गेली?" सुरी नारळाच्या ढिगाखाली गेलेली असते. त्या दिवशी ज्याच्या खिशात चाकू तो घरातला सगळ्यात मोठा माणूस.

बरं, मग बघायचं काय आधी? धार?

नाही. गोव्यात आधी गंज बघायचा. धार कुठल्याही चाकूला लावता येते, अगदी दोनशे रुपयांच्यालासुद्धा. पण इथे जून ते सप्टेंबर धो धो पाऊस, हवा इतकी दमट की कपाटातल्या चपलांना बुरशी येते, आणि किनाऱ्याकडे राहत असाल तर वर्षभर खारा वारा. त्यात आपला घाम, तोही खाराच. अमेरिकेतल्या कोरड्या गावातला माणूस व्हिडिओत ज्या पोलादाची स्तुती करतो ते इथे चार दिवसांत ठिपके दाखवतं.

मी स्वतः शिकलोय हे. डी२ पोलादाचा एक छान दिसणारा चाकू घेतला, जाडजूड, धार तर महिनाभर उतरायची नाही. जुलैमध्ये एकदा नदीवर गरवायला गेलो, गरीची दोरी कापली, चाकू पँटला पुसला आणि स्कूटरच्या डिकीत ओल्या रेनकोटाखाली टाकला. विसरलो. पाचव्या दिवशी काढला तर पात्यावर तपकिरी पुरळ, आणि पुसल्यावर खाली बारीक खड्डे. ते खड्डे अजून आहेत. चाकूची चूक नव्हती, डी२ तसंच असतं आणि मी तसाच आहे.

पण डी२ तर स्टेनलेसच्या जवळचं म्हणतात ना?

म्हणतात, आणि इथेच लोक फसतात. डी२ मध्ये क्रोमियम साधारण १२ टक्के असतं, आकडा ऐकून वाटतं झालं की स्टेनलेस. पण त्यात कार्बनही दीड टक्क्याच्या आसपास असतो, आणि तो कार्बन बरंचसं क्रोमियम स्वतःकडे ओढून कडक कण बनवतो. त्या कणांमुळेच धार टिकते, पण गंज अडवायला जे क्रोमियम मोकळं उरायला हवं ते कमी पडतं. स्टेनलेस म्हणजे काय, तर पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अगदी पातळ थर बसतो आणि तो ओरखडा गेला तरी पुन्हा आपोआप तयार होतो. मीठ नेमकं त्या थराला टोचून भोकं पाडतं, म्हणून किनाऱ्यावर पसरट गंज नाही, खड्डे पडतात.

मग कुठलं पोलाद घेऊ? ती नावं वाचून डोकं फिरतं.

सगळी पाठ करायची गरज नाही. स्वस्तातल्या चिनी चाकूंवर बहुतेक वेळा ८सीआर१३एमओव्ही असतं, रोजच्या कामाला चालतं, धार लवकर जाते पण लवकर लागतेही. त्याच्या वर माझं आवडतं १४सी२८एन, स्वीडनचं, त्यात क्रोमियम १४ टक्के आणि थोडासा नायट्रोजन, गंजाला चांगलं उभं राहतं आणि किंमतही डोक्यावरून जात नाही. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचं पोलाद त्यामानाने मऊ, पण गंजत म्हणून नाही. आणि समुद्रावरच काम असेल, होडी, जाळी, डायव्हिंग, तर एलसी२००एनसारखी पोलादं येतात, त्यात धार धरायचं बरंचसं काम कार्बनऐवजी नायट्रोजन करतो, मिठाच्या पाण्यात राहिली तरी ढिम्म. स्पायडर्को या अमेरिकन कंपनीची सॉल्ट नावाची अख्खी मालिका अशा न गंजणाऱ्या पोलादांचीच आहे. महाग आहे पण. पोहायला वर्षातून दोनदा मिरामारला जाणाऱ्याने तेवढे पैसे घालू नयेत असं माझं मत.

साधं कार्बन स्टील? त्याची वेगळी मजा आहे. आंबा कापला की निळसर काळपट डाग, भिरंडं (कोकमाची फळं) फोडलीत तर मिनिटात काळं. तो डाग म्हणजे गंज नव्हे, उलट थोडं संरक्षणच करतो. पण दर वेळी पुसावं लागतं, आणि आंब्याच्या फोडीला लोखंडाचा वास येतो तो मला नाही आवडत. आमच्या बाबांना आवडतो.

सरळ एक नाव सांगा, भाषण नको.

व्हिक्टोरिनॉक्सचा कॅडेट, ८४ मिलिमीटरचा, अ‍ॅल्युमिनियमच्या मुठीचा. हाताला मोठा पाहिजे तर त्याचाच थोरला भाऊ पायोनियर, ९३ चा. चपटा, खिशात कळत नाही, पाणी लागलं तरी फरक नाही, एक पातं, एक स्क्रूड्रायव्हर, एक डबा उघडायचं, एक बाटली उघडायचं. शेवटचं गोव्यात वाया जात नाही.

जाता जाता: कार्ल एल्झनरने १८८४ साली स्वित्झर्लंडमधल्या इबाखला कारखाना काढला, १८९१ पासून सैनिकांना चाकू पुरवले, १८९७ ला तो प्रसिद्ध ऑफिसर चाकू आला. आईचं नाव व्हिक्टोरिया, तिच्या निधनानंतर १९०९ ला तेच ब्रँडला दिलं, आणि १९२१ मध्ये स्टेनलेस पोलाद वापरायला लागल्यावर पुढे इनॉक्स जोडलं. इनॉक्स म्हणजे न गंजणारं. पणजीतलं इनॉक्स थिएटर आठवलं ना, मलाही तेच आठवतं.

लॉक असलेला घ्यावा की बिनलॉकचा? बिनलॉकचा बोटावर मिटत नाही काय?

मिटतो. माझ्या मिटला आहे, उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर तीन टाके आहेत, या दाखवतो. झालं काय, शहाळं नव्हे, साधा सोललेला नारळ, त्याच्या डोळ्यात टोक खुपसून पाणी काढायला बघत होतो. टोक आत गेलं, अडकलं, मी जोर लावला आणि मूठ पुढे सरकली, पातं जिथल्या तिथे आणि मूठ बोटांसकट त्याच्यावर. आवाजसुद्धा आला नाही. आधी पाणी सांडलं असं वाटलं.

तर बिनलॉकच्या चाकूत पात्याला फक्त पाठीमागची स्प्रिंग धरून असते, धारेकडून दाब दिलात तर ती अजून घट्ट, पण टोकाने खुपसलंत किंवा पाठीकडून दाब आला की मिटणार. कापायला वापरा, टोचायला नको, एवढा नियम पाळला तर आयुष्य जातं. नारळाच्या डोळ्याला स्क्रूड्रायव्हर आहे.

लॉकवाल्यात बघा: लायनर लॉक म्हणजे मुठीच्या आतली पातळ पट्टी पात्याच्या मागे सरकून टेकते, सोपा आहे पण मिटवताना अंगठा पात्याच्या वाटेत येतो, सवय होईपर्यंत सावकाश. फ्रेम लॉकमध्ये तेच काम मुठीची अर्धी बाजूच करते, म्हणून जास्त मजबूत. लॉकबॅक म्हणजे मुठीच्या पाठीवर दाबायचं, तो जुना आणि भरवशाचा, फक्त एका हाताने मिटवायला किचकट. डावखुऱ्यांनी लायनर लॉक दुकानात हातात धरून बघितल्याशिवाय घेऊ नये, उलट्या बाजूला असतो. आणि लॉक आहे म्हणून नारळात खुपसायचं लायसन मिळत नाही.

तो लाकडी मुठीचा फ्रेंच चाकू कसा? फोटोत फार सुंदर दिसतो.

ओपिनेल. सुंदर आहेच, हलका, पातं पातळ, फळं कापायला याच्याइतका चांगला घडीचा चाकू मी तरी बघितला नाही. १८९० पासून फ्रान्सच्या साव्हुआ भागात बनतो, नंबरावर साइझ, ८ नंबरचं पातं साडेआठ सेंटीमीटर, ६ नंबरचं सात. मानेवरची फिरणारी रिंग १९५५ मध्ये आली, ती फिरवली की लॉक, ६ नंबरपासून वरच्यांना असते.

पण मूठ बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची. आणि हा आपला पाऊस. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लाकूड फुगतं आणि पातं फटीत असं बसतं की नखाने ओढून नख तुटेल पण पातं हलायचं नाही. तिथल्या लोकांची युक्ती आहे: रिंग मोकळी करायची आणि मुठीचं मागचं टोक टेबलावर टक्कन आपटायचं, पातं थोडं वर येतं, मग बोटांनी ओढायचं. मी गडग्यावर आपटतो. आमच्या शेजारच्या आजीला वाटतं मी काजू फोडतोय. कायमचा उपाय म्हणजे ऐन उन्हाळ्यात फट पॉलिश पेपरने किंचित रुंद करून लाकडाला जवसाचं तेल पाजायचं, दोन-तीन हात, मध्ये वाळू द्यायचं. स्टेनलेसवालाच घ्या, त्यावर इनॉक्स लिहिलेलं असतं. ऑक्टोबर ते मे माझ्या खिशात हाच असतो, पावसात ड्रॉवरमध्ये.

पातं केवढं असावं?

सात ते आठ सेंटीमीटर. पाचच्या खाली मानकुरादाची फोड एका फटक्यात निघत नाही, नऊच्या वर गेलात की लोक मागे सरकतात.

लांबीपेक्षा जाडी बघा, ती कुणीच बघत नाही. रणगाड्यासारखे चाकू मिळतात चार मिलिमीटर जाडीचे, हातात धरायला भारी वाटतं, पण सफरचंद कापायला गेलात तर कापत नाही, फोडतो, टक्कन दोन तुकडे. गाजर तर उडून खाली पडतं. दोन ते अडीच मिलिमीटरचं पातं पुष्कळ झालं.

दातेरी पातं घेऊ का? दोरी छान कापते म्हणे.

ओली नायलॉन दोरी छान कापते, मासेमारीवाल्यांनी जरूर घ्यावं. उंडा म्हणजे गोल पाव, त्याचं कडक कवचही छान कापतं, पण पोदेराचा (पाववाल्याचा) पाव कापायचा नसतो, हाताने मोडायचा असतो. बाकीच्यांनी नको, धार लावताना रडाल.

कायद्याचं काय? पोलिसांनी झडती घेतली तर?

मी वकील नाही, जेवढं नीट माहीत आहे तेवढंच सांगतो. शस्त्र कायदा १९५९ चा, त्याखालचे नियम २०१६ चे. त्या नियमांत धारदार शस्त्रांच्या वर्गात पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद अशी मर्यादा दिली आहे, आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक, औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. आपला सात सेंटीमीटरचा चाकू म्हणजे तीन इंचसुद्धा नाही. पण म्हणून निश्चिंत होऊ नका. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेनुसार बटणाच्या आणि स्प्रिंगच्या चाकूंना ७.६२ सेंटीमीटर लांबी आणि १.७२ सेंटीमीटर रुंदीची मर्यादा आहे, म्हणजे राज्य बदललं की नियम बदलू शकतो. निवडणुकीच्या दिवसांत किंवा कुठे तणाव असेल तेव्हा जिल्हाधिकारी जमावबंदीबरोबर हत्यारं बाळगायला बंदी घालतात, पूर्वी ते कलम १४४ होतं, जुलै २०२४ पासून नवीन संहितेत १६३ झालं. तेव्हा चाकू घरी.

आणि कायद्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे दिसणं. लाल मुठीचा स्विस चाकू बघून कुणालाही कात्री-बाटली आठवते. काळा, नक्षीदार, खटॅक करून उघडणारा बघितला की हिंदी पिक्चरमधला रामपुरी आठवतो. बटण दाबून उघडणारे घेऊच नका, आणि म्हापशाच्या बाजारात शुक्रवारच्या गर्दीत एका हाताने फटकन उघडून दाखवायची हौस असेल तर ती घरी आरशासमोर भागवा.

कुठे नेता येत नाही?

विमानात हँडबॅगेत अजिबात नाही, चेक-इनच्या बॅगेत टाकायचा. हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे विसरतात. मी दाबोळी विमानतळावर किल्ल्यांच्या जुडग्यातला तो छोटा ५८ मिलिमीटरवाला घालवला आहे, रांगेत मागे पन्नास माणसं, परत जायला वेळ नाही, टाका त्या डब्यात. कॅसिनो, कोर्ट, सरकारी कचेऱ्या, मोठ्या जत्रा, जिथे जिथे तपासणी असते तिथे नेऊच नका. लांबच्या रेल्वेला मी बॅगेत तळाशी ठेवतो, खिशात नाही.

स्वसंरक्षणासाठी कुठला चांगला?

कुठलाच नाही. त्यासाठी हवा असेल तर घेऊ नका, पुढचं वाचायचीही गरज नाही.

क्लिप असावी का? मी तर हाफ पँटवरच असतो.

हाफ पँटच्या ढिल्या खिशात क्लिप नसलेला जड चाकू मांडीवर आपटत राहतो आणि स्कूटरवर बसलं की खिशातून सरकून पडतो. तेव्हा एकतर पन्नास-साठ ग्रॅमचा हलका घ्या, नाहीतर क्लिपवाला. फक्त क्लिपने चाकूचं डोकं बाहेर दिसतं, आणि स्कूटरच्या सीटला ओरखडे पडतात ते वेगळंच. मी दोरीचा छोटा गोंडा बांधतो, भडक केशरी, भाटात गवतात पडला तरी सापडतो.

धार कशी लावायची? दगड नाही माझ्याकडे.

चिनीमातीचा कप आहे ना, त्याच्या बुडाला जी खरखरीत बिनचकाकीची कड असते ती चालते, रोजच्या डागडुजीला. पातं कडेवर साधारण २० अंशाच्या कोनात धरायचं. कोन कसा समजणार, तर काटकोनाचं अर्धं पंचेचाळीस, त्याचं अर्धं साडेबावीस, त्याहून जरा कमी. जसं काही कपाच्या बुडाची पातळ साल काढायची आहे तसं पुढे ढकलायचं, एक बाजू पाच, दुसरी बाजू पाच, मग तीन-तीन, मग एक-एक, दर वेळी जोर कमी करत. एका बाजूला लावत राहिलात की दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक कंगोरा लागतो, तो लागला म्हणजे धार टोकापर्यंत पोचली. तो कंगोरा काढायला चामड्याच्या पट्ट्यावर उलट्या दिशेने ओढायचं. जुना वर्तमानपत्राचा कागद न फाटता कापला की झालं.

अगदीच बोथट झाला असेल तर दगड लागेलच, एका बाजूला ४०० ग्रिटचा (खरखरीत) आणि दुसऱ्या बाजूला १००० चा (बारीक). चाकावर धार लावणाऱ्याकडे देऊ नका, कोयत्याला ठीक आहे, पण बारीक पातं तापून धारेचं पाणीच उतरतं.

तेल कुठलं? खोबरेल चालेल?

थोड्या दिवसांसाठी चालेल, आणि फणसाचा चीक काढायला तर खोबरेलसारखं काही नाही, कापायच्या आधीच पात्याला चोळलंत तर चीक चिकटतच नाही. पण सांध्यात कायमचं नको, जुनं झालं की खवट वास येतो आणि धूळ धरतं. सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खाण्याच्या गोष्टी कापत असाल तर पातं पुसून घ्या.

खाऱ्या पाण्यात गेला तर आधी नळाखाली उघडा धरून धुवा, सांधा चार वेळा उघडमीट करून, मग पूर्ण वाळवा, मग तेल. चामड्याच्या पाकिटात पावसाळ्यात ठेवू नका, चामडं पाणी धरून बसतं.

ओले काजूगर सोलायला मात्र हा चाकू काढू नका. सालीचं तेल सांध्यात, क्लिपखाली सगळीकडे जातं आणि मग दोन दिवसांनी आंबा खाताना ओठ भाजतात. त्याला एखादी जुनी सुरीच बरी. बायको अजून बोलून दाखवते.

स्वस्त मिळतात बीचवर, शंभर-दोनशेला, घेऊ का?

बाटली उघडायला घ्या. स्विससारखे दिसणारे नकली असतात त्यात, ओळखायचं सोपं: दोन अवजारं एकदम उघडून बघा, फटीतून उजेड दिसतो, कात्री असेल तर कागद चावते कापत नाही, आणि पात्याच्या मुळाशी कंपनीचा ठसा पुसट नाहीतर स्पेलिंग चुकलेलं. हजार-दीड हजारात नीट चिनी लायनर लॉक मिळतो, तो याच्यापेक्षा कितीतरी बरा. बिल घ्या आणि ठेवा.

मुलाला कितव्या वर्षी द्यावा?

वयापेक्षा मूल बघा. माझ्या भाच्याला दहाव्या वर्षी दिला, पहिल्या दिवशी फक्त साबण कापायला दिला, साबणाचा मासा केला त्याने, शेपूट तुटली, पण बोट शाबूत. नियम एकच सांगितला, धार नेहमी स्वतःपासून लांब जाणारी आणि समोर कुणी बसलेलं नाही. आता दसऱ्याला आमच्या कोयत्यांच्या आणि पकडींच्या बाजूला तो आपला चाकू पुसून पूजेला ठेवतो. यंदा वर झेंडूचं फूल ठेवलं होतं, ओलं, आणि ते रात्रभर तसंच राहिलं. सकाळी मी हळूच उचलून बघितलं. स्टेनलेस होता.